बाराटांगला एका दिवसात जाऊन यायचं तर

अंदमानला जाणाऱ्या मराठी मंडळींच्या यादीत सेल्युलर जेल आणि हॅवलॉक ठरलेले असतात. गाडी अडते ती चुनखडीच्या गुहांच्या बाराटांग बेटापाशी. पहाटे अडीचला उठायचं, चेकपोस्टवर रांग लावायची, पोलिसांच्या ताफ्यातून जंगल ओलांडायचं, मग फेरीबोट, मग स्पीडबोट, मग चाल, आणि हे सगळं उलट्या क्रमाने करून संध्याकाळपर्यंत परत. एवढं ऐकलं की निम्मे लोक "पुढच्या वेळी बघू" म्हणतात आणि उरलेले टूरवाल्याच्या हाती सगळं सोपवून डोळे मिटतात. आम्ही जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जाऊन आलो. वाटतं तितकं ते अवघड नाही, पण दिवसातला मोठा भाग वाट बघण्यात जातो, आणि कुठे, कशाची, किती वाट बघायची हे आधी माहीत असलं तर त्रास निम्मा होतो. म्हणून हे सविस्तर.

आधी भूगोल. पोर्ट ब्लेअर (सप्टेंबर २०२४ पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम, पण ड्रायव्हरपासून चहावाल्यापर्यंत सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणतात) दक्षिण अंदमानच्या टोकाकडे आहे. तिथून उत्तरेला निघालेला अंदमान ट्रंक रोड साधारण ४० ते ४५ किलोमीटरवर जिरकाटांगला पोचतो. तिथे चेकपोस्ट. पुढचे जवळपास ५० किलोमीटर जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातात आणि मिडल स्ट्रेट या सामुद्रधुनीच्या काठावर संपतात. पाण्यापलीकडे बाराटांग बेट, त्यावर निलांबूर जेट्टी. स्पीडबोट निलांबूरहून सुटते आणि खारफुटीच्या खाडीतून चुनखडीच्या गुहांकडे नेते. एका बाजूचं अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पुण्याहून महाबळेश्वरपेक्षाही कमी. तरी अख्खा दिवस जातो, कारण रस्ता आपल्या मर्जीने चालत नाही.

पहाटेचं गणित असं आहे. जिरकाटांगचं फाटक दिवसभर उघडं नसतं. सकाळी सहा, नऊ, दुपारी बारा आणि तीनच्या आसपास असे ठरलेल्या वेळांचे ताफे सुटतात. वेळा अधूनमधून पुढेमागे होतात, त्यामुळे आदल्या संध्याकाळी हॉटेलवर किंवा ड्रायव्हरला विचारून घ्या. परतीचे ताफेही असेच ठरलेले, शेवटचा दुपारी तीनच्या सुमाराला. एका दिवसात सगळं नीट बघून यायचं असेल तर सहाचाच ताफा पकडावा लागतो. नऊचा पकडला तर गुहा होतात, पण सगळा वेळ घड्याळाकडे बघण्यात जातो. सहाच्या ताफ्यासाठी गाड्यांची रांग चारच्या आधीपासून लागते. पोर्ट ब्लेअरहून जिरकाटांग सव्वा ते दीड तास. म्हणजे अडीच-तीनला खोली सोडणं आलं.

यात एक सोय आहे. अंदमानचं घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य आपला नाही. पोर्ट ब्लेअर मुंबईच्या पूर्वेला साधारण २० रेखांशांवर आहे, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने मुंबईपेक्षा तास-सव्वातासाने पुढे. जानेवारीत संध्याकाळी साडेपाचला काळोख पडू लागतो. आदल्या दिवशी रात्री आठला झोपणं तिथे अजिबात विचित्र वाटत नाही. झोपाच. आदल्या दिवशी सेल्युलर जेलचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम ठेवलात तर बाराटांगचा अर्धा दिवस गाडीत पेंगण्यात जाईल.

गाडीचे तीन पर्याय आहेत. स्वतंत्र टॅक्सी केली तर चारजणांच्या गाडीला दिवसाचे सहा ते सात हजार; मोठी गाडी असेल तर त्याहून जास्त. टूरवाल्यांच्या सामायिक बसमधून बोटीसकट माणशी दोन-अडीच हजारांपर्यंत. तिसरा पर्याय सरकारी बस. ती मोहनपुराच्या बसस्टँडवरून पहाटे सुटते आणि पुढे रंगत, मायाबंदरकडे जाते. भाडं अगदी कमी, पण तिकीट आदल्या दिवशी काढून ठेवावं लागतं आणि परतीच्या बसमध्ये जागेची खात्री नसते. वडीलधारी माणसं बरोबर असतील तर टॅक्सीच बरी. टॅक्सी ठरवताना एक गोष्ट स्पष्ट विचारा: बोटीचं भाडं, गुहेचा परवाना, बाराटांगवरच्या चिखलाच्या ज्वालामुखीकडे नेणारी जीप आणि फेरीबोट यातलं काय धरलंय आणि काय नाही. "सगळं धरून" हा शब्दप्रयोग तिथेही आपल्याइतकाच लवचीक आहे. सोमवार टाळा, गुहांकडे जाणाऱ्या बोटींच्या सुट्टीचा तो वार आहे.

कागदपत्रं कमी लागतात, पण ती लागतातच. प्रत्येकाच्या मूळ ओळखपत्राबरोबर त्याच्या दोन झेरॉक्स प्रती ठेवा. एक जिरकाटांगला उपयोगी पडते, दुसरी निलांबूरला. मुलांचंही ओळखपत्र घ्या. मोबाइलमधला फोटो दाखवून भागेल या भरवशावर राहू नका. पहाटे चारला जिरकाटांगच्या आसपास झेरॉक्सचं दुकान उघडं मिळत नाही आणि नेटवर्क आलंच तर येतं. आम्ही आदल्या रात्रीच एका कागदावर सगळ्यांची नावं, वय, गाव आणि ओळखपत्राचा क्रमांक लिहून ड्रायव्हरकडे दिलं. अंधारात, डॅशबोर्डवर कागद ठेवून नऊ जणांचे आधार क्रमांक उतरवत बसलेली एक टेम्पो ट्रॅव्हलर आमच्या शेजारीच उभी होती, तेव्हा या कागदाची किंमत कळली.

तीनला निघालो. फेरारगंज मागे पडेपर्यंत रस्त्यावर दिव्यांच्या रांगा दिसायला लागतात, सगळ्या एकाच दिशेने जाणाऱ्या. या भागातल्या गावांची नावं अंधारात वाचता येत नाहीत, पण परतताना जरूर वाचा. पोर्ट ब्लेअरच्या आसपास मंजेरी, तिरूर, वंडूर अशी केरळातली नावं भेटतात. १९२१ च्या मोपला उठावानंतर मलबारातून काळ्या पाण्यावर पाठवलेल्या लोकांनी आपल्या मागे राहिलेल्या गावांची नावं इथे लावली. सावरकरांची कोठडी बघून आलेल्या माणसाला अंदमान म्हणजे एक जेल एवढंच वाटत असेल, तर शिक्षा संपल्यावर इथेच शेती करून राहिलेल्यांच्या या वस्त्याही बघाव्यात.

जिरकाटांगला गाडी रांगेत लावली की ड्रायव्हर अर्ज घेऊन पोलीस चौकीच्या खिडकीकडे जातो. अर्जात गाडीचा क्रमांक, ड्रायव्हरचा परवाना आणि प्रवाशांची यादी असते. प्रवाशांना रांगेत उभं राहावं लागत नाही, पण कधी कधी माथी मोजायला पोलीस गाडीपाशी येतात, म्हणून सगळे एकदम चहाला पांगू नका. टपऱ्या पहाटेपासून चालू असतात: चहा, वडे, इडली, पुरीभाजी. स्वच्छतागृह इथे आहे. गरज वाटत नसली तरी जाऊन या, कारण पुढचा दीड तास गाडी कुठेही थांबणार नाही. गाडी लागत असेल तर उलटीची गोळी निघण्याच्या अर्धा तास आधी घ्या. रस्ता सलग वळणांचा आहे आणि थांबा नाही म्हणजे अगदी नाही. खाणं बेताचं ठेवा.

आता त्या रस्त्याविषयी, आणि इथे जरा थांबून लिहावंसं वाटतं.

जारवा हे अंदमानच्या मूळ रहिवाशांपैकी एक. आज त्यांची संख्या जेमतेम चार-पाचशे आहे. हजारो वर्षं ते या जंगलात शिकार, मासे, मध आणि कंदमुळांवर जगत आले. सत्तरच्या दशकात त्यांच्या जंगलातून हा रस्ता काढला गेला. १९९७-९८ पर्यंत ते बाहेरच्यांना जवळ येऊ देत नव्हते. त्यानंतर संपर्क वाढला आणि १९९९ मध्ये गोवराची साथ आली. आपल्याला लहानपणी चार दिवस अंथरुणात ठेवणारे आजार त्यांच्या शरीराने कधी पाहिलेलेच नव्हते. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव क्षेत्रातला रस्ता बंद करण्याचा आदेश दिला. रस्ता बंद झाला नाही. २०१२ मध्ये पर्यटकांसमोर जारवा स्त्रियांना नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गाजली. २०१३ च्या जानेवारीत न्यायालयाने पर्यटकांना या रस्त्यावर काही आठवडे मनाई केली, मार्चमध्ये ती उठली. उत्तरेकडच्या गावांसाठी हा रस्ता दवाखान्याचा, बाजाराचा, शाळा-कॉलेजचा आहे, हेही खरं. पर्यटक मात्र त्या गरजेच्या आडोशाने जातो, हे मनात ठेवून जावं.

नियम साधे आहेत आणि ड्रायव्हर ते पाठ म्हणून दाखवतो. पुढे आणि मागे पोलिसांची गाडी. वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नाही. ओव्हरटेक नाही, थांबणं नाही, काचा बंद. फोटो, व्हिडिओ काही नाही, मोबाइल पिशवीत. रस्त्याच्या कडेला कोणी दिसलं तर खायला देणं नाही, हात करणं नाही. १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमनाखाली हे गुन्हे आहेत आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यात तुरुंगवासाची शिक्षा आहे. ड्रायव्हरचा परवानाही जातो, म्हणून त्याच्यावर दबाव आणू नका.

पोर्ट ब्लेअरच्या बाजारात "जारवा नक्की दिसतील" असं सांगून गाडी ठरवणारे लोक भेटतात. अशा माणसाची गाडी घेऊ नये, एवढंच आमचं मत. माणसं बघायला माणसांनी गाडीतून जाणं ही गोष्ट कितीही गोड शब्दांत मांडली तरी गोड होत नाही. आणि खरं सांगायचं तर रस्त्यावर बघण्यासारखं जंगलच इतकं आहे की वेगळं काही लागत नाही. गर्जनची झाडं सरळ वर गेलेली, फांदी फुटते ती थेट माथ्याजवळ, खोडांवर वेलींचं जाळं. सहाला ताफा सुटतो तेव्हा खाली अजून काळोख असतो आणि शेंड्यांवर ऊन आलेलं असतं.

साडेसात-पावणेआठला मिडल स्ट्रेट येतं. इथे बहुतेक टॅक्स्या अलीकडेच ठेवतात आणि प्रवासी पायी फेरीबोटीवर चढतात. दाभोळ-धोपाव्याला गाड्या नेणारी फेरीबोट असते तशीच ही: पुढची फळी खाली पडते, आधी बस, ट्रक, मग उरलेल्या जागेत माणसं. प्रवाशाचं तिकीट चिल्लरीत होतं, सुटे पैसे ठेवा. ओलांडायला दहा-पंधरा मिनिटं, पण फेरी पलीकडे असेल तर अर्धा तास वाट. एकाच ताफ्यातून आलेली सगळी माणसं एकदम धक्क्यावर जमतात, म्हणून गाडीतून उतरल्यावर रेंगाळू नका. फोटो पलीकडे पोचल्यावर काढा. आपल्या ड्रायव्हरचा नंबर आणि गाडी उभी केलेली जागा लक्षात ठेवा. परत आल्यावर एकसारख्या पांढऱ्या गाड्यांच्या रांगा असतात.

निलांबूर जेट्टीवर दुसरा अर्ज. हा वनखात्याचा, गुहांसाठी. इथे दुसरी झेरॉक्स लागते. बोटवाले हा अर्ज स्वतः भरून घेतात, त्यामुळे बोट ठरवणं आणि परवाना एकाच वेळी होतो. बोटीला आठ-दहा माणसं लागतात. कमी असाल तर इतरांबरोबर जोडून देतात. जानेवारीत माणशी आठशे ते हजार रुपये पडत होते, परतीसह. रोख द्या. यूपीआय चालतं कधी, कधी नाही. आमच्या वेळी समोरच्या माणसाचा फोन टॉवर शोधत हवेत फिरत होता. पाच-सहा हजार रोख जवळ असले की दिवस निश्चिंत जातो.

बोटीत बसण्याआधी तीन गोष्टी बघा. लाइफ जॅकेटचे सगळे बंद शाबूत आहेत ना, आणि पोटाशी घट्ट बसतंय ना. मुलांसाठी लहान मापाचं मागून घ्या, मोठ्या मापातून मूल खाली घसरतं. बोट हलकी फायबरची असते, म्हणून वजन दोन्हीकडे सारखं वाटून बसायचं, आणि बोटवाला सांगेल त्याच जागी. तिसरं, हात पाण्यात सोडायचे नाहीत. या खाडीत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. धक्क्यावरची पाटी शोभेची नाही.

स्पीडबोटीचा प्रवास २५ ते ३० मिनिटांचा. पहिली वीस मिनिटं मोकळ्या पाण्यावर, दोन्ही काठांना हिरव्याची सलग भिंत. वारा तोंडावर येतो. टोपी पिशवीत ठेवा, चष्म्याला दोरी असेल तर उत्तम. मग बोट एकदम वळते, समोर वाट आहे असं वाटतही नाही, आणि खारफुटीच्या फटीत शिरते. इंजिनाचा आवाज खाली येतो. फांद्या दोन्ही बाजूंनी वर येऊन मिळालेल्या, मधेमधे मान खाली घालावी लागते. या दिवसातला हा सगळ्यात सुंदर भाग, आणि तो जेमतेम पाच-सात मिनिटांचा. फोन बाजूला ठेवा म्हणणार नाही, पण व्हिडिओ जाताना घेतलात तर येताना नुसतं बघा.

बघायचं काय ते सांगतो. कोकणातल्या खाड्यांमध्ये तिवर आणि कांदळ बघितलेल्यांना झाडं ओळखीची वाटतील, फक्त उंची बघून थबकायला होईल. कांदळाची मुळं खोडातून कमानीसारखी बाहेर येऊन चिखलात उतरलेली. त्या मुळांवर एक काळपट ओली रेघ दिसते, साधारण एकाच उंचीवर. ती भरतीच्या पाण्याची खूण. रेघेच्या वर कोरडी करडी साल, खाली शेवाळ आणि कालवं. रेघ आणि पाणी यांत किती अंतर आहे हे बघितलं की ओहोटी कितपत झालीय ते कळतं. फांद्यांना वीतभर लांब, शेंगांसारखं काहीतरी लोंबत असतं. त्या शेंगा नाहीत, झाडावरच रुजलेली रोपं आहेत. टोक जड असतं, ओहोटीला सुटलं की सरळ चिखलात रुततं. भरतीला सुटलं तर तरंगत दुसरा काठ शोधतं. काठाच्या चिखलावर निवटे मासे टुणटुण उड्या मारत असतात. एक नांगी भलीमोठी असलेले छोटे खेकडे बोट जवळ आली की एकदम सगळे बिळात.

भरती-ओहोटीचा इथे थेट संबंध येतो. पूर्ण ओहोटीला आतली वाट अरुंद आणि उथळ होते, बोट फार सावकाश जाते, कधी वल्ह्याने ढकलावी लागते, आणि उतरताना धक्क्याची पायरी बोटीपेक्षा बरीच वर राहते. गुडघेदुखी असणाऱ्यांना ती चढण नको होते. भरती असेल तर बोट फांद्यांच्या जास्त जवळून जाते आणि उतरणं सोपं. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा आपला कोकणातला हिशोब इथे लावू नका, तो आपल्या किनाऱ्याचा आहे. पोर्ट ब्लेअरचं भरतीचं कोष्टक इंटरनेटवर मिळतं. तारखा बदलता येण्यासारख्या असतील तर सकाळी आठ ते अकरा या वेळात भरती येईल असा दिवस निवडा. फार कोणी हे बघत नाही, आणि फरक मात्र खूप पडतो.

लाकडी धक्क्यावर उतरल्यावर बोटवाला परतायची वेळ सांगतो. साधारण सव्वा ते दीड तास देतात. ती वेळ पाळा. तुमच्या एका बोटीवर आठ माणसांचा परतीचा ताफा टांगलेला असतो. पुढे गुहेपर्यंत दीड किलोमीटरच्या आतबाहेर चाल. आधी खारफुटीवरून जाणारा लाकडी पूल, मग जंगलातली पायवाट, मुळं आणि खडक, मग एकदम उघडी भातखाचरं आणि नयाडेरा गाव. जानेवारीत कापणी झालेली असते, खाचरांत धसकटं उरलेली. घरं थोडी, सुपारीची झाडं, कोंबड्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे. वाटेत गावातल्या बायका लिंबूपाणी, काकडी, कच्ची कैरी विकायला बसतात. येताना घेण्यापेक्षा जातानाच एक ग्लास प्या, घाम फार येतो. सुटे पैसे इथेही लागतात.

बाराटांगमधली बरीच वस्ती छोटा नागपूरकडून आलेल्यांची आहे. १९१८ पासून वनखात्याने लाकूडतोडीसाठी रांचीकडून उरांव, मुंडा, खडिया मजूर आणायला सुरुवात केली. त्यांची पुढची पिढी इथेच राहिली. अंदमानात त्यांना सरसकट "रांची" म्हणतात. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची गावं पुढे मध्य अंदमानात आहेत. सगळ्यांची बोलायची भाषा हिंदी, तीही अंदमानी चालीची. घरांचे आणि माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. वाट त्यांच्या अंगणाच्या कडेने जाते, आणि हंगामात रोज शेकडो माणसं तिथून जातात.

बूट घसरणार नाहीत असे हवेत. चपलांचा पट्टा चिखलात तुटतो. जून ते सप्टेंबर वाट निसरडी होते, जळवा असतात, आणि बोटी हवामानावर अवलंबून. नोव्हेंबर ते एप्रिल हाच काळ बरा. साठी ओलांडलेल्यांनी जावं का? सपाट चाल जमत असेल तर हो. काठी घ्या, घाई करू नका. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा श्वासाचा त्रास असेल तर बोटीपर्यंत यावं आणि गावाच्या सावलीत बसावं. खाडी सगळ्यांना बघायला मिळते.

गुहा अरुंद आहे. बोटवालाच टॉर्च घेऊन मार्गदर्शक होतो. आपला टॉर्चही ठेवा, मोबाइलचा उजेड आत पुरत नाही. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, चुनखडीतून झिरपताना चुना विरघळवतं, आणि छतावर थेंब लोंबकळत राहिला की तिथे चुन्याचा कण मागे ठेवतं. असं हजारो वर्षं झालं की छतातून खाली येणारा लवणस्तंभ तयार होतो. खाली पडलेल्या थेंबातून जमिनीवरचा वर चढतो. दोन्ही भेटले की खांब. टॉर्च बाजूने धरला तर टोकाशी लटकलेला थेंब दिसतो, अगदी स्थिर. ओले, चमकणारे भाग वाढत असलेले. मळकट, गुळगुळीत काळे पडलेले भाग हातांनी मारलेले. आपल्या हाताचं तेल लागलं की चुना तिथे बसत नाही. हात लावू नका, हे सांगायला तिथे कोणी उभं नसतं. मार्गदर्शक दगडांतून हत्ती, मगर, कमळ, गणपती दाखवत नेतो. गणपतीपाशी "मोरया" म्हणणारी एक तरी मराठी टोळी असतेच. आरोळी ठोकू नका, एवढंच म्हणेन. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांमध्ये पाकोळी पक्षी घरटी करतात, स्वतःच्या लाळेची. त्या घरट्यांच्या सूपसाठी वर्षानुवर्षं चोऱ्या झाल्या आणि वनखात्याने राखण करून पाखरं वाचवली.

परत निलांबूरला पोचायला साडेदहा-अकरा होतात. इथे निर्णय घ्यायचा: चिखलाचा ज्वालामुखी करायचा की नाही. जीपने जेट्टीपासून अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं, माणशी शे-दोनशे रुपये, मग थोडी चढण. वर कुंपणाआड राखाडी चिखल आणि त्यातून अधूनमधून येणारा बुडबुडा. लाव्हा नाही, धूर नाही. जमिनीखालचा वायू दाबाने पाणी आणि माती वर ढकलतो, एवढीच यंत्रणा. एरवी तो शांत असतो, पण २६ डिसेंबर २००४ च्या मोठ्या भूकंपानंतर इथला चिखल उसळला होता, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा उद्रेक झाला. त्यामुळे वर जाऊ देतात की नाही हे जेट्टीवर विचारूनच जीप करा. लहान मुलांची हमखास निराशा होते. भूगोलाची आवड असेल आणि तीनचा ताफा चालत असेल तर जा; दुपारी साडेबाराच्या आसपासचा ताफा पकडायचा असेल तर सोडून द्या. आम्ही सोडलं आणि हळहळ वाटली नाही.

जेट्टीजवळच्या खाणावळींत भात, डाळ, भाजी आणि मासे मिळतात. थाळी दीडशे-दोनशेला. मासे रस्सा मोहरीच्या वासाचा, बंगाली वळणाचा. आपल्या तिखटाची सवय असेल तर सोबत ठेचा ठेवा. बसण्याआधी फेरीबोटीची वेळ विचारा, जेवणाची ऑर्डर मग. परतीच्या ताफ्याच्या किमान तासभर आधी मिडल स्ट्रेटला पलीकडे असायला हवं, कारण तिथेही गाड्या रांगेत लावून यादी तपासतात. बहुतेकांचं बिनसतं ते इथे: गुहेतून येताना उशीर, मग ज्वालामुखी, मग जेवण, मग फेरी नुकतीच सुटलेली. तीनचा ताफा चुकला तर त्या रात्री रस्ता मिळत नाही. बाराटांगमध्ये राहायच्या जागा मोजक्या, साध्या आणि हंगामात भरलेल्या असतात. औषधं रोज घेणाऱ्यांनी एका रात्रीचे डोस बरोबर ठेवावेत.

संध्याकाळी पोपट बेटावर हजारो पोपट परततात, तेही याच जेट्टीवरून बोटीने बघता येतं. पण ते सूर्यास्ताचं दृश्य असल्यामुळे मुक्काम करणाऱ्यांसाठीच. एका दिवसाच्या सहलीत ते बसवून देतो म्हणणाऱ्याला ताफ्याची वेळ विचारा.

दुपारच्या ताफ्यात गाडीतले बहुतेक झोपतात. नियम तेच, काचा बंदच. जिरकाटांगला परत चहा, आणि चार-साडेचारला पोर्ट ब्लेअर. चार जणांचा टॅक्सी, बोट, जेवण, फेरी, लिंबूपाणी धरून खर्च माणशी तीन हजारांच्या आसपास आला. दुसऱ्या दिवशी सकाळची हॅवलॉकची बोट काढली असेल तर ती सहा-साडेसहाची नको, नऊनंतरची घ्या. आणि चिखलाचे बूट हॉटेलवर आल्या आल्या धुवून पंख्याखाली ठेवा, तिथल्या दमट हवेत ते सकाळपर्यंत एरवी वाळत नाहीत.